तीनदा होय

“परभा, ह्याचा आवाज गेलाय बघ. आजच्या आज पायजे,” असं म्हणत कलावती मावशींनी मोबाइल काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

बुधवार होता, दुपारचे साडेबारा. मावशी कारखान्यात कांड्यांवर सूत भरायच्या कामावर होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत तशाच उठून आल्या होत्या. केसांत, भुवयांत, पोलक्याच्या बाहीवर सगळीकडे सुताची पांढरी लव. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मोबाइल वर्षभरात मुका होतो, तो या लवेमुळे. कानाला लावायच्या जागी जी बारीक जाळी असते तिच्यात ती शिरते, घामाने ओली होते, वाळते आणि गच्च बसते. माझं दुकान चालायचं ते तिच्याच जिवावर. काच बदलायची तर कुठेही जा, पण आवाजाचं काम प्रभाकर हावळेकडे, असं लोक सांगायचे. तोंडावर कुणी असं म्हटलं की मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा साधेपणा वाटायचा.

तोवर स्पीकरवर टाकून बोला की, असं मी सुचवलं. मावशींनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि मग जे सांगितलं ते असं. त्यांची राजश्री जतच्या बाजूला दिलेली. नवरा मारायचा, सासू पाळत ठेवायची. दर बुधवारी सासू बाजाराला गेली की चारच्या सुमाराला पोर कुणाचा तरी मोबाइल मागून आईला फोन करायची. आठवड्यातली तेवढीच पाच मिनिटं. ती स्पीकरवर घ्यायची सोय नव्हती, कारण थोरला दिगंबर त्याच कारखान्यात माग चालवायचा. आदल्या वर्षी राजश्री तान्ह्या लेकीला घेऊन पळून आली, तेव्हा यानेच तिला परत नेऊन घातलं होतं आणि ती पुन्हा माहेरी दिसणार नाही असा चार माणसांत शब्द दिला होता. आईने तिच्याशी बोललेलंही त्याला खपत नव्हतं.

“पावणेचारला सुटून येते. तवर झाला पायजे,” मावशी म्हणाल्या आणि मोबाइलवरचा हात काढून निघून गेल्या.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी तेव्हा माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. मला ऐकू येत नव्हतं.

सतराव्या वर्षापासून अकरा वर्षं मी मागावर होतो. शेडमध्ये शंभर माग एकदम खडखडत असतात, तिथे गळा फाडून उपयोग नसतो. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. थट्टा, भांडण, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं ओठांवर चालतं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे पाठ करायची, की संपलं. ही विद्या अंगात इतकी मुरली होती की आपले कान कधी गेले हे माझं मलाच कळलं नाही. काउंटरपलीकडचं माणूस तोंड वर करून बोललं की मला सगळं समजायचं. फोनवर मात्र काही समजेना, तेव्हा मी घरच्यांनाही लिहून निरोप पाठवायला लागलो. दुरुस्तीच्या वेळी वाजणाऱ्या स्पीकरवर मी बोटाचं टोक ठेवायचो. थरथर एकसारखी लागली तर काम झालं. कुठे चरचरली तर लव राहिली. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो, तोही बघायचो. माझं काम चोख होतं, यात शंका नको. पण बहिऱ्या माणसाकडे आवाजाचं काम कोण देईल? दोन वर्षं मी झाकली मूठ सव्वा लाखाची करून बसलो होतो आणि दुकानाची पायरी कुणी चढलं की रोज मला भीती वाटायची.

मावशींचा मोबाइल मी खोलला. मऊ ब्रश, मग चिकट गोळा दाबून लव उचलायची, मग स्पिरिटचा पुसटसा हात. जाळी आरपार दिसायला लागली. मोबाइल जोडून मी बोट ठेवलं, तोच तो हातात थरथरला. फोन येत होता. नाव नाही, नुसता नंबर. एक वाजून वीस मिनिटं.

गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा नाही, हा माझा नेम. पण नुकतीच जाळी साफ केलेली, आयता फोन आलेला. आलेखावर उमटतंय का बघू, एवढाच विचार केला. तपासणीसाठी कॉल रेकॉर्डिंग मी आधीच चालू ठेवलं होतं. मी फोन उचलला, सवयीने कानाला लावला आणि हॅलो म्हणालो.

लांबून काहीतरी बारीक लागलं. बाईमाणसाचा आवाज असावा. तो थांबला. प्रश्न विचारून माणूस थांबतं, तसा थांबला.

“होय,” मी म्हणालो.

बहिऱ्या माणसाची ही खोड आहे. नाही म्हटलं तर लोक समजावत बसतात, होय म्हटलं की समाधानाने जातात. आवाज पुन्हा लागला, पुन्हा थांबला, आणि मी पुन्हा होय म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो. मग कानाशी काहीच राहिलं नाही आणि फोन बंद झाला.

मी मोबाइल मॅटवर ठेवला. समोरच्या कॅलेंडरवर नजर गेली आणि बुधवार दिसला. चारला येणारा फोन एकलाही येऊ शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं. आठवड्यातून एकदा बोलणारी पोर, आणि मी तिला कशाला तरी तीनदा होय म्हणून बसलो होतो.

त्या नंबरवर मी फोन लावला. या वेळी कानाशी जाड घरघर लागली, म्हणजे पुरुषमाणूस. घरघर थांबली. होय माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळून मी फोन तोडला. हा तिचा नवरा असला तर? बायको चोरून फोन करते हे त्याला माझ्यामुळे कळलं असलं तर? मी तो नंबर दोनदा, तीनदा वाचला, जसा काही त्यातून माणूस दिसणार होता.

मग रेकॉर्डिंग लावलं. आवाज पूर्ण वाढवून, मोबाइल कानात खुपसून ऐकलं. माझं हॅलो आणि ‘होय’ तेवढं ओळखू आलं, बाकी नुसतं चरचरणं. आलेखावर मात्र सगळं दिसत होतं. माझ्या हॅलोनंतर आधी तिच्या उंच उंच रेघा, मग माझी आखूड रेघ. पुन्हा तिच्या रेघा, पुन्हा माझी. तिसऱ्या रेघेनंतर बराच वेळ सपाट, आणि अगदी शेवटी एक लहानशी रेघ. त्या सपाट जागेत ती काय करत होती, हे काही मला कळेना.

शेजारच्या रसवंतीतल्या आप्पांना ऐकवावं म्हणून दोनदा पायरी उतरलो आणि दोनदा परत चढलो. लेकीबाळीची गोष्ट, आप्पांच्या तोंडी पडली की संध्याकाळपर्यंत दिगंबरच्या कानावर. हे कारण खरंच होतं. पण त्याखाली दुसरं होतं, ते जास्त खरं होतं. तुला का ऐकू आलं नाही, असं आप्पांनी विचारलं असतं. शेवटी मी काहीच न करता बसून राहिलो. अडीच वाजले, तीन वाजले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी उद्या ये म्हणालो.

बरोबर पावणेचारला मावशी आल्या. झाला काय, म्हणाल्या. जरा राहिलंय, मी म्हणालो. त्या स्टुलावर समोरच बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. चार वाजले. चार दहा झाले. मोबाइल मॅटवर गप्प पडलेला. तो वाजणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्या दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होत्या. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“परभा, मागच्या बुधवारी ती लई रडत हुती,” मावशी एकदम म्हणाल्या. “ह्या मेल्या लवेनं मला एक शब्द ऐकू आला न्हाई. तिला आणि घोर नगं म्हणून मी आपली होय होय म्हणत ऱ्हायले. काय इचारत आसंल रं ती?”

माझ्याच्याने पुढे राहवलं नाही. फोन एकला येऊन गेला, मी उचलला, तीनदा होय म्हणालो आणि मला काहीच ऐकू आलं नाही, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

 मावशी हळूच म्हणाल्या, “लव ऱ्हायली आसंल तवा.”

त्यांनी माझ्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं. त्यातून निसटणं सोपं होतं आणि सवयही होती.

“लव नव्हती मावशी,” मी म्हणालो. “माझे कान गेलेत.”

दोन वर्षं ज्याला भ्यालो ते एवढ्यातच संपलं.  मावशींनी हात पुढे केला. मी रेकॉर्डिंग लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो कानाला लावला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ते नुसतं ताठरलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. शेडमधल्या बायकांची ती सवयच असते. ऐकता ऐकता त्या तेच शब्द आवाज न काढता ओठांवर घेतात. मावशींना त्याचं भान नसावं. पण राजश्रीचं बोलणं मला तसं, तिच्या आईच्या तोंडून, शब्दन् शब्द कळत गेलं.

“आई? कोण, दादा? दादा, फोन ठेवू नगंस. मी घर सोडलंय. पोरगी संगं हाय. दादा, घरी येऊ काय?”

आणि मग माझं होय.

“शब्द दिलाईस तू. तरी येऊ?”

होय.

“पाचला स्टँडवर तू सोता ये. तू दिसला न्हाईस तर मी उतरणार न्हाई, गाडीतनं तशीच फुडं जाईन. फुडं काय करायचं त्ये मी ठरवलंय. पोरीला मागं ठेवणार न्हाई. येशील नव्हं?”

होय.

मग मावशींचे ओठ मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले. शेवटी एकदाच हलले. “बरं,” राजश्री म्हणाली होती.

मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं, जाड घरघरीचं. तो जतच्या स्टँडबाहेरचा चहावाला निघाला. त्या बाई मघाच्या, इचलकरंजीवरनं जाणाऱ्या कोल्हापूर गाडीत बसून गेल्या, लेकरू होतं संगं, असं तो सांगत होता. त्याला मी नवरा समजून तोंडावर फोन आपटला होता.

घड्याळात साडेचार झाले होते.  दिगू न्हाई यायचा, एवढंच मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी शटर ओढलं, त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि कारखान्याकडे निघालो.

शेडच्या दाराशी मावशी थांबल्या आणि मी आत गेलो. किती वर्षांनी जात होतो. जमीन पायाखाली हादरत होती, हवेत लव तरंगत होती आणि तिथे सगळेच बहिरे होते. दिगंबर सहा नंबरच्या मागावर होता. कधीकाळी पाच नंबर माझा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि ओठांनी सांगितलं, तुझी बहीण पाचच्या गाडीनं येतेय. तू दिसला नाहीस तर ती उतरणार नाही. पोरीसकट जीव देईल.

त्याचे हात थांबले नाहीत. तुटलेला धागा त्याने जोडला, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. “तिला ये म्हणून कोण म्हणालं?”

“मी. तुझ्या नावानं,” मी म्हणालो. “मला ऐकू येत नाही दिगू. काय विचारलं ते न कळता होय म्हणालो.”

तो बघत राहिला. राग होता का दुसरं काही, ते मला वाचता आलं नाही.

“चार माणसांत शब्द दिलाय मी,” तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाठ केली.

शेडमध्ये पाठ केलेल्या माणसाशी पुढे बोलता येत नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तो त्याने झटकला. बाहेर येऊन मी मावशींना मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

स्टँडवर पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं होती. मी आयुष्यात तेवढा कधी भ्यालो नाही, ना आधी ना नंतर. माझी भीती आतापर्यंत दुकानाची होती, अब्रूची होती. आता एक बाई आणि दीड वर्षांची पोर माझ्या तीन शब्दांच्या भरवशावर चालत्या गाडीत बसलेली होती. गाडी पंक्चर व्हावी, उशीर व्हावा, असंही मनात येऊन गेलं. ती अगदी वेळेवर आली.

राजश्री तिसऱ्या खिडकीत होती. खालचा ओठ सुजलेला, मांडीवर पोर झोपलेली. आईकडे तिचं लक्ष गेलं, पण नजर तिथे थांबली नाही. डोळे गर्दीतून दुसरंच कुणी शोधत होते. मावशी खिडकीची चौकट धरून काहीतरी बोलत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. राजश्रीचे ओठ मला दिसले.

“दादा कुठाय?”

मग ती मान हलवायला लागली. नाही, नाही, असं. उतरणारी माणसं उतरली, चढणारी चढायला लागली. पुढे होऊन सांगावं का, की बाई, होय म्हणणारा मीच? पण तिला घर हवं होतं. बाजारातल्या मोबाइलवाल्याच्या होयवर ती कशी उतरणार? ते ऐकून उरलासुरला धीरही गेला असता. मी जागचा हललो नाही. कंडक्टर दारात आला आणि त्याने घंटीच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात कुणाचा तरी दंड मला घासून गेला. माझ्या बाहीवर पांढरी लव लागली. दिगंबर होता. चालता माग सोडून आला होता, अंगात नुसतं बनियन, पायांत काही नाही. तो सरळ खिडकीखाली जाऊन उभा राहिला आणि मावशी बाजूला झाल्या.

राजश्रीने त्याच्याकडे पाहिलं. तिचा प्रश्न मी वाचला.

“दादा, तू होय म्हणालास नव्हं?”

दिगंबरची पाठ माझ्याकडे होती. तो काय म्हणाला ते मला दिसलं नाही, आणि ऐकू येण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला फक्त त्याची मान दिसत होती, घामावर चिकटलेल्या लवेची. कंडक्टरचा हात दोरीवर तसाच थांबला होता. राजश्री बराच वेळ भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरची पोर उचलली. दिगंबरचे दोन्ही हात वर गेले आणि तिने पोर खिडकीतून त्याच्या हातात दिली. मावशी खाली फरशीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी एका बाजूला होऊन तेच केलं.

या गोष्टीला दहा वर्षं होऊन गेली. त्याच रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं होतं, तेव्हा तिला वर्षभर संशय होताच असं कळलं. आता माझ्या कानात मशीन आहे आणि ते गिऱ्हाइकांना दिसतं. काही जण कमी झाले, बरेचसे टिकले. शब्द मोडल्याबद्दल त्या चार माणसांनी दिगंबरला बरंच काही ऐकवलं, असं मावशींनी सांगितलं होतं. तो माझ्याशी त्यावर कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

राजश्री आता शिवणकाम करते. मागच्या महिन्यात लेकीचा मोबाइल घेऊन आली होती, तोच जुना रोग, जाळी गच्च. मी ब्रश फिरवत होतो आणि ती समोर स्टुलावर बसली होती, जिथे तिची आई बसली होती तिथेच.

“त्या दिवशी फोनवर दादाचा आवाज निराळाच लागला हुता,” ती एकाएकी म्हणाली. “मिरजेपातुर आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ह्यो दादा नव्हं.”

माझा हात थांबला. मग उतरून परत का गेली नाहीस, असं मी विचारलं.

“कुठं जाणार?” ती म्हणाली. “कोण का असंना, तीनदा इचारलं तर तीनदा होय म्हणालं हुतं.”

मशीन कानात होतं, मला सगळं नीट ऐकू आलं. मी मान खाली घातली आणि जाळीतली लव काढत राहिलो. ते कोण होतं, हे तिने विचारलं नाही. मोबाइल झाल्यावर तिने तो कानाला लावून पाहिला, बरा लागतोय म्हणाली आणि गेली.